दऱ्यांचा दर्या

एका जुन्या ग्रंथालयाच्या नियतकालिक-सूचीचे काम मी काही वर्षे पाहत होतो. मराठी मासिकांचे जुने अंक, त्यांतील लेखांची शीर्षके, लेखकांची नावे, पृष्ठांक असे सारे संगणकावर चढवलेले. सूचीचा सर्व्हर बदलला, मजकूर नव्या यंत्रावर आला, आणि काही दिवसांनी एका ज्येष्ठ वाचकांचा फोन आला. ते म्हणाले, "अहो, तुमच्या सूचीत सह्याद्रीत दर्या कुठून आला?"

मी शीर्षक काढून पाहिले. जुन्या प्रवासलेखाच्या नावात 'दऱ्या' होत्या, त्यांचा 'दर्या' झाला होता. मग शोधत गेलो तर ही एकच नोंद नव्हती. 'आचाऱ्यांच्या' जागी 'आचार्यांच्या' आले होते. म्हणजे स्वयंपाकघरातले लोक एकदम पीठावर जाऊन बसले होते. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्या', 'वाऱ्या' या सगळ्यांतला अर्धा र उडून त्याच्या जागी रफार बसला होता. चूक टंकलेखकाची नव्हती, यंत्राचीही नव्हती. माझी होती. जुन्या सर्व्हरवरून घेतलेली मजकुराची राखीव प्रत नव्या सर्व्हरवर चढवण्याआधी मी उघडली होती आणि तिच्यात 'थोडी साफसफाई' केली होती.

त्या साफसफाईचे प्रायश्चित्त घेताना मला एका विषयाची गोडी लागली. राखीव प्रत, ज्याला सगळे बॅकअप म्हणतात, ती परत चढवण्याआधी बदलण्याची रीत कधी आणि का पडली? तिने काय वाचवले आणि काय बुडवले? संगणकाच्या इतिहासात या रीतीला स्वतंत्र प्रकरण मिळत नाही. पण देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तरी ते मिळायला हवे, कारण आपला पुष्कळसा मजकूर याच वाटेने आजवर पोचला आहे.

आधी बॅकअप म्हणजे काय ते पाहू. सामान्य समज असा की बॅकअप ही तिजोरीत ठेवलेली मुद्रांकित प्रत. मूळ जळाले तर ती जशीच्या तशी काढायची. काही बॅकअप खरोखरच तसे असतात. डिस्कवरचे तुकडे जसेच्या तसे उचलून ठेवायचे. माणसाने उघडून वाचावे असे त्यात काही नसते. बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालीत १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत 'डम्प' नावाची आज्ञा होती, ती अशीच टेपवर प्रत काढी. डम्प म्हणजे ओतून टाकणे. गाडीतली वाळू ओतावी तसा सगळा साठा टेपवर ओतायचा.

पण डेटाबेसच्या जगात दुसरी जातही रुळली. १९७४ मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी जी प्रश्नभाषा मांडली तिच्यातून पुढे एसक्यूएल घडली. या भाषेत तक्ते तयार करण्याच्या आज्ञा असतात आणि तक्त्यात ओळी भरण्याच्याही. म्हणजे आख्खा डेटाबेस पुन्हा उभा करायचा तर त्या आज्ञांची एक लांबलचक यादी लिहून ठेवली की झाले. 'असा तक्ता बनव, त्यात ही पहिली ओळ घाल, ही दुसरी.' अशी यादी म्हणजेच मजकुरी डम्प. तो साध्या संपादकात उघडतो, वाचता येतो. आणि वाचता येते ते बदलताही येते.

बदलण्याची हत्यारे तर आधीपासून तयार होती. बेल प्रयोगशाळेतच १९७३-७४ च्या सुमारास ली मॅकमेहन यांनी 'सेड' नावाचा प्रवाही संपादक लिहिला. फाइल कितीही मोठी असो, तिच्यातली एकेक ओळ पुढे सरकत असताना हा शब्द काढ, तो घाल, असे त्याला सांगता येते. दोन फाइलींतला फरक दाखवणारे 'डिफ' १९७४ चे. मजकुरी डम्प आणि ही दोन हत्यारे एकत्र आली तेव्हा बॅकअप ही तिजोरीतली वस्तू राहिली नाही. ती संपादकाच्या मेजावरची मुद्रणप्रत झाली.

पुढे काही डेटाबेस बनवणाऱ्यांनी ही गरज ओळखून तिला रीतसर दार करून दिले. पोस्टग्रेसच्या २००१ मधील ७.१ या आवृत्तीबरोबर परत चढवण्याची वेगळी आज्ञा आली. ती आधी बॅकअपची अनुक्रमणिका काढून देते. नको त्या ओळीपुढे अर्धविराम टाकला की ती बाब वगळली जाते, आणि ओळींचा क्रमही बदलता येतो. ओरॅकलनेही प्रत चढवतानाच एका मालकाचे तक्ते दुसऱ्याच्या नावे करण्याची सोय दिली. मूळ प्रतीला हात न लावता बदल करण्याचा हा शहाणा मार्ग. पण बहुतेक लहान संस्था, वृत्तपत्रे, अनुदिनी लिहिणारे आणि आमच्यासारखी ग्रंथालये मायएसक्यूएल वापरीत होती. तिचा डम्प म्हणजे साधी मजकुरी फाइल. तिथे संपादक उघडायचा आणि सरळ आत शिरायचे.

मराठीला आत शिरणे भाग का पडले, हे समजायला स्वीडनला जावे लागते.

मायएसक्यूएल १९९५ ची. ती बनवणारी कंपनी स्वीडिश. त्यामुळे काही न सांगता बसवली तर तिची अक्षरसंहिता पश्चिम युरोपीय असे, 'लॅटिन-१', आणि अकारविल्हे स्वीडिश, म्हणजे झेडनंतर आणखी तीन अक्षरे असलेले. हे मूळ गृहीतक २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत टिकले. सुरुवातीच्या काळात त्याने मराठीचे काही बिघडले नाही. युनिकोडचा मजकूर साठवण्याची यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये काढली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसते. कोणी मराठी मजकूर टाकला की डेटाबेसला दिसत ते फक्त बाइट. तो त्यांना पश्चिम युरोपीय अक्षरे समजून ठेवी आणि मागितले की तेच बाइट परत देई. वाचणाऱ्याचा ब्राउझर त्यांचे पुन्हा देवनागरी करी. पेटीवर लेबल चुकीचे, आतला माल बरोबर, आणि पेटी उघडणाऱ्यालाही माल ओळखू येतो. मग लेबलाकडे कोण पाहतो? २००३-०४ च्या सुमारास मराठी युनिकोड नुकते घराघरांत येत होते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा. पडद्यावर मराठी दिसते याचाच आनंद इतका होता की पेटीवर काय लिहिले आहे हे कोणी पाहिले नाही.

२००४ मध्ये मायएसक्यूएलची ४.१ आवृत्ती आली आणि ती लेबले वाचू लागली. आता प्रत्येक तक्त्याला, प्रत्येक रकान्याला अक्षरसंहिता होती, आणि एका संहितेतून दुसरीत जाताना डेटाबेस स्वतः रूपांतर करू लागला. सुधारणा चांगलीच होती, पण चुकीच्या लेबलाच्या पेट्यांना ती भोवली. 'लॅटिन-१' असे लेबल असलेल्या तक्त्याचा डम्प यूटीएफ-८ मध्ये मागितला की डेटाबेस प्रामाणिकपणे प्रत्येक बाइटाला एक युरोपीय अक्षर समजून त्याचे रूपांतर करी. तीन बाइटांचा 'क' सात बाइटांचा होई. अशी फाइल उघडली की मराठीच्या जागी एक ठरावीक नक्षी दिसते: रोमन 'ए' आणि त्याच्या डोक्यावर फ्रेंच धर्तीची तिरकी रेघ, मग एक वर्तुळ आणि त्याला चार कोपऱ्यांत चार किरण, मग आणखी काहीतरी. हे किरणवाले वर्तुळ म्हणजे कोणत्याही देशाचे नसलेले, सर्वसाधारण चलनाचे चिन्ह. देवनागरीच्या कोष्टकात ऱ्हस्व वेलांटीपर्यंतची चिन्हे अशा वर्तुळात येतात. दीर्घ वेलांटीपासून पुढे, म्हणजे उकार, मात्रा, ओकार, पायमोड आणि अंक, यांच्या वाट्याला वर्तुळाऐवजी जपानी येनचे चिन्ह येते. मी इतकी पाने पाहिली की येन कुठे दाट आहेत यावरून शब्द जोडाक्षरांचा आहे की साधा, हे सांगू शकतो.

यावरचा इलाज म्हणजेच बॅकअप बदलणे. डम्प काढताना डेटाबेसला सांगायचे की रूपांतर करू नकोस, लॅटिन-१ म्हणूनच दे. मग बाइट आहेत तसे बाहेर येतात आणि फाइल संपादकात उघडली की स्वच्छ मराठी दिसते. फक्त फाइलीच्या माथ्यावर आणि प्रत्येक तक्त्याच्या व्याख्येत चुकीचे लेबल असते. ती लेबले बदलायची आणि बदललेली फाइल नव्या डेटाबेसवर चढवायची. मजकुराचा एकही बाइट बदलत नाही, बदलते ते त्याच्याविषयीचे विधान. ही रीत मराठीपुरती नाही. ज्यांचा ज्यांचा मजकूर स्वीडिश पेटीत पडला त्या सगळ्या लिप्यांनी ती वापरली. आमची सूचीही तशीच सुटली. इथवर बॅकअप न बदलणे हीच चूक ठरली असती.

पण या सोप्या दिसणाऱ्या वाटेवर तीन खड्डे आहेत, आणि तिन्ही देवनागरीच्या पायाखालचे आहेत.

पहिला खड्डा कोष्टकातल्या भोकांचा. विंडोजच्या पश्चिम युरोपीय कोष्टकात दोनशे छप्पन्न घरे आहेत, पण त्यांतली पाच रिकामी आहेत. तिथे कुठलेच अक्षर नेमलेले नाही. मायएसक्यूएल आपल्या 'लॅटिन-१' मध्ये हेच कोष्टक वापरते, पण या पाच घरांना तात्पुरती नावे देऊन ते बाइट सांभाळते. इतर पुष्कळ रूपांतरक तसे करत नाहीत. रिकाम्या घराचा बाइट आला की ते थांबतात, तो टाकून देतात किंवा प्रश्नचिन्ह लावतात. देवनागरीच्या तीन बाइटांपैकी शेवटचा या पाच घरांत पडणारी चिन्हे कोणती? झ, ए, ऐ, ऱ्हस्व उकार आणि पायमोडीचे चिन्ह. शिवाय चंद्रबिंदू आणि ॐ. झ गेला तर एक वेळ चालेल, पण पायमोड गेली की जोडाक्षर गेले. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात युनिकोडची अकरा चिन्हे आहेत, त्यांतल्या दोन पायमोडी. बॅकअप एखाद्या अनोळखी रूपांतरकातून काढून 'सुधारला', की ज्ञ आणि श्व एकाच वेळी फुटतात. ते पुन्हा जोडायला यंत्राकडे काही आधार उरत नाही, कारण प्रश्नचिन्ह सगळ्यांचे सारखेच.

दुसरा खड्डा लांबीचा. मायएसक्यूएलने ज्याला 'यूटीएफ-८' म्हटले ती खरी यूटीएफ-८ नव्हती. एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट, एवढीच तिची झेप. देवनागरीला ते पुरत होते, म्हणून आपले काही अडले नाही. पण २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडी लिपी आली. मोडीची चिन्हे कोष्टकाच्या वरच्या मजल्यावर आहेत. त्यांना चार बाइट लागतात. मायएसक्यूएलने चार बाइटांची संहिता वेगळ्या नावाने २०१० मध्येच दिली होती, पण जुने तक्ते जुन्याच नावावर होते. अशा तक्त्यात मोडी शब्द असलेली ओळ भरली की त्या काळच्या ढिल्या मांडणीत मजकूर पहिल्या मोडी अक्षरापाशी तोडला जाई. पुढचे सगळे गायब, आणि वर फक्त एक सौम्य इशारा. तो शेकडो ओळींच्या गर्दीत कोण वाचतो?

म्हणून डम्पमध्ये तीन बाइटांच्या संहितेचे नाव काढून चार बाइटांचे घालण्याची लाट आली. त्यात आणखी एक अडचण निघाली. शोधासाठी जी सूची डेटाबेस आतल्या आत ठेवतो तिच्यात एका रकान्याला ७६७ बाइटांची मर्यादा होती. तीन बाइटांनी २५५ चिन्हे बसत, ७६५ होत. चार बाइटांनी २५५ बसेनात. मग लोकांनी डम्पमध्येच २५५ चे १९१ केले, चारपट ७६४. आजही अनेक डेटाबेसांत हा विचित्र १९१ दिसतो, तो या भागाकाराचा अवशेष आहे. इंग्रजी शीर्षकाला १९१ अक्षरे पुष्कळ झाली. मराठीत मात्र काना, मात्रा, पायमोड, अनुस्वार हे प्रत्येक वेगळे चिन्ह मोजले जाते. चार अक्षरांची 'ज्ञानेश्वरी' अकरा घरे खाते. एकोणिसाव्या शतकातल्या ग्रंथांची नावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना १९१ घरांत काय काय मावणार नाही हे सांगायला नको.

तिसरा खड्डा मी स्वतः खणला.

मराठीत अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. 'आचार्य' मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'दऱ्या' मध्ये तो आडवा, पापणीसारखा पुढच्या अक्षराला टेकतो. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज नाही, म्हणून देवनागरीच्या यंत्ररचनेत ते कायम आडबाजूला राहिले. युनिकोडमध्ये ते साधायला दोन वाटा आहेत. एक, नुक्ता असलेला ऱ आणि पायमोड. दुसरी, साधा र, पायमोड आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. आमच्या टंकलेखकांपैकी काहींचा कळफलक पहिल्या वाटेचा होता, काहींचा दुसऱ्या. परिणाम असा की 'शेतकऱ्यांचा' हा शब्द शोधला की काही नोंदी सापडत, काही लपून राहत.

मी डम्प उघडला तेव्हा मला दिसले की जागोजागी अदृश्य चिन्हे आहेत. काही वेबपानांवरून चिकटवलेल्या मजकुराबरोबर आलेली, नुसती घाण. मी सेडला एक ओळ लिहून दिली: अदृश्य चिन्हे काढ. दोन मिनिटांत फाइल साफ. शोध सुधारला की नाही तेही मी धड तपासले नाही. जोडचिन्ह निघाले, र आणि पायमोड मागे उरले, आणि देवनागरीच्या नियमाप्रमाणे त्याचा रफार झाला. दऱ्यांचा दर्या झाला तो असा. मला हवे होते ते एका वेगळ्या ओळीने साधले असते: दुसऱ्या वाटेचे पहिल्या वाटेत रूपांतर कर, मग उरलेले अदृश्य काढ. फरक एका आज्ञेचा होता.

माझी चूक फाइलीने पकडली का नाही, याचाही विचार मी केला. काही मजकूर स्वतःला मोजून ठेवतात. पीएचपी भाषेत गुंडाळलेल्या मजकुराच्या आधी त्याची बाइटांतली लांबी लिहिलेली असते. वर्डप्रेस आपल्या मांडणीच्या पुष्कळशा नोंदी अशाच ठेवते. संकेतस्थळाचे नाव बदलायला कोणी डम्पमध्ये जुने नाव काढून नवे घातले आणि दोहोंची लांबी जुळली नाही, तर ती नोंद उलगडत नाही. लोक यावर चरफडतात, पण तो पहारेकरी आहे. पोथीत अध्यायाच्या अखेरीस ओव्यांची संख्या लिहीत, तिचेही काम तेच. आमच्या सूचीच्या शीर्षकांना असा पहारेकरी नव्हता. फोन करणारे ते वाचकच तेवढे होते.

बॅकअप बदलून चढवण्याचे एक गाजलेले उदाहरण इथे आठवते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि चालू डेटाबेसचा सुमारे ३०० गीगाबाइटांचा साठा पुसला गेला. नेहमीचे बॅकअप कामाचे नाहीत हे त्याच वेळी कळले. डेटाबेसच्या नव्या आवृत्तीचा डम्प काढायला जुन्या आवृत्तीचे हत्यार लावले जात होते, त्यामुळे डम्प निघतच नव्हते, आणि ते सांगणाऱ्या ईमेल पोचत नव्हत्या. सहा तासांपूर्वी एकाने चाचणीच्या यंत्रासाठी काढलेली प्रत होती, म्हणून काम भागले. पण ती जशीच्या तशी चढवता येत नव्हती. चाचणीसाठी प्रत घेताना बाहेरच्या यंत्रणांना निरोप धाडणारे दुवे तिच्यातून काढण्याची पद्धत होती. ते वेगळे मिळवून परत घालावे लागले. दुसरा प्रश्न अधिक खोल होता. त्या सहा तासांत नव्या नोंदींना क्रमांक मिळाले होते आणि ते बाहेर लोकांकडे पोचलेले होते. जुनी प्रत चढवली की तेच क्रमांक दुसऱ्याच नोंदींना मिळाले असते. म्हणून त्यांनी क्रमांक देणारे सगळे गणक एक लाखाने पुढे ढकलले. सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० शेरे आणि ७०० नव्या खात्यांवर परिणाम झाला असावा असा त्यांचा अंदाज होता. हे सगळे त्यांनी जाहीर लिहिले. क्रमांकांतली ती उडी पुढे कोणाला दिसली, तर तिचे कारणही सापडते.

कधी कधी तर न बदललेला बॅकअप चढवणेच अन्यायाचे होते. युरोपीय संघाच्या २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीच्या सतराव्या कलमाने माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला. आपल्याकडच्या २०२३ च्या कायद्यातही तो आहे. एखाद्याने आपली नोंद पुसून घेतली आणि नंतर जुना बॅकअप चढवला, तर ती नोंद पुन्हा जिवंत होते. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे पुसलेल्या क्रमांकांची वेगळी यादी ठेवतात आणि प्रत चढवल्यावर ती पुन्हा लावतात. मूळ प्रत ही नेहमीच पवित्र, असे म्हणता येत नाही.

हे सारे वाचताना माझे मन राहून राहून आपल्या जुन्या प्रतींकडे गेले. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. जवळजवळ तीनशे वर्षे ती हातोहात उतरत राहिली आणि लेखनिकांनी पाठ बिघडवले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती पाहून ती शुद्ध केली, आणि यापुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. बदलून, नीट करून, मग परत लोकांत चढवलेली ही प्रत. तिने ग्रंथ वाचवला यात शंका नाही. पण कुठे काय बदलले याची यादी मागे राहिली नाही. त्या काळी तशी रीतही नव्हती. १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा दोन प्रतींतले अंतर अभ्यासकांना स्वतःच मोजत बसावे लागले.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी वेगळी वाट धरली. काम १९१९ मध्ये सुरू झाले, १९६६ मध्ये संपले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक होते. त्यांनीही पाठ बदलला, किंबहुना तसाच्या तसा कोणत्याही एका पोथीत नसलेला पाठ सिद्ध केला. पण प्रत्येक पानाच्या तळाशी नाकारलेले पाठभेद पोथ्यांच्या खुणांसह छापले, आणि स्वीकारलेल्या शब्दाविषयी खात्री नव्हती तिथे त्याखाली नागमोडी रेघ मारली. संपादकाशी न पटणाऱ्याला मागे जाण्याची वाट त्यांनी उघडी ठेवली. बॅकअप बदलण्याच्या रीतीला जी शिस्त हवी ती पुण्यात छापील स्वरूपात तयार होती. मी फाइल उघडली तेव्हा मला ती आठवली नाही.

माझे नशीब एवढेच की न बदललेला डम्प एका जुन्या यंत्रावर पडून होता. मी तो जपला नव्हता, पुसायचा राहून गेला होता. पण तोच पुन्हा चढवून मोकळे होता येत नव्हते, कारण मधल्या दिवसांत टंकलेखकांनी नव्या नोंदी घातल्या होत्या. त्या गेल्या असत्या. म्हणून जुनी आणि बदललेली फाइल डिफला दिली. पाठभेदांची यादी बाहेर पडली: डावीकडे दऱ्या, उजवीकडे दर्या. यंत्राने सगळे उलटे फिरवावे असे मनात आले, पण आता माझा यंत्रावर नव्हे, माझ्यावरच भरवसा नव्हता. कोकणावरच्या लेखांत खरोखरचा दर्या होता, शिक्षणावरच्या लेखांत खरोखरचे आचार्य होते. दोघांनी मिळून एकेक ओळ वाचली. प्रत्येक बदल सूचीतच एका वेगळ्या तक्त्यात नोंदवला: जुने रूप, नवे रूप, तारीख, बदलणाऱ्याचे नाव. पहिल्या सगळ्या ओळींपुढे माझेच नाव आहे.

मधल्या दिवसांतल्या नव्या नोंदींपैकी एक मात्र सुटली नाही. एका मासिकातल्या कवितेचे शीर्षक, त्यात 'दर्या'. टंकलेखिकेने सर्व्हर बदलल्यानंतर भरलेले, म्हणजे जुन्या डम्पमध्ये ते नाहीच. तिने आधीची नोंद पाहून तसेच टाइप केले, की अंकात खरेच तसे आहे, हे तिला आठवेना. अंक बांधणीला दिलेला होता, तो परत आला तेव्हा नेमके ते पान नव्हते. त्या नोंदीपुढे आम्ही 'संशयित' असा एक रकाना केला आणि त्यात खूण केली. सूचीत तो रकाना अजून आहे. कोणाकडे ते पान असेल तर कळवावे.